घरात तिसरे माणूस नसताना : परदेशात लहान मुले वाढवणाऱ्या नाशिककरांचे अनुभव

माझी धाकटी बहीण येत्या जूनमध्ये आठ महिन्यांचे बाळ घेऊन नवऱ्याकडे नेदरलँड्सला जाणार आहे. इथे इंदिरानगरच्या घरात बाळाला उचलून घेण्यासाठी आई, बाबा, मी, शेजारच्या काकू आणि पोळ्यांच्या मावशी अशी रांग लागलेली असते. परवा सामानाची यादी करता करता तिने मला विचारले, ‘ताई, तिकडे मी आंघोळीला गेले की बाळाजवळ कोण बसेल?’ मला उत्तर देता आले नाही. म्हणून ज्या नाशिककरांनी परदेशात लहान मुले वाढवली आहेत, किंवा ज्यांची नातवंडे तिकडे वाढत आहेत, त्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत अशी विनंती आहे. व्हिसा, पगार आणि कर यांची माहिती इतरत्र पुष्कळ मिळते, ती इथे नको. घरात तिसरे माणूस नसताना दिवस कसा निभावला, एवढेच सांगावे.

श्टुटगार्ट, जर्मनी (माहेर पंचवटी)

आंघोळीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की पहिले चार महिने मी न्हाणीघराचे दार उघडे टाकून, बाळाची झुलती खुर्ची उंबऱ्यापाशी ठेवून आणि मोठ्याने काहीबाही बडबडत आंघोळ केली. आपल्या बहिणीलाही बहुधा तेच करावे लागेल, आणि त्याची सवय वाटते त्यापेक्षा लवकर होते.

आमच्याकडे बाळंतपण म्हटले की शेकशेगडी, धुरी आणि मालिशवाल्या बाई हे गृहीत होते. इथे त्यांच्या जागी सुईण आली. जर्मनीत प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत प्रशिक्षित सुईण घरी येते, पहिल्या दहा दिवसांत तर रोज येऊ शकते, आणि तिचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो. आमची सुईण बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्यावर तोलायची, नाळ बघायची आणि मग माझ्यासमोर बसून ‘तू किती तास झोपलीस?’ असे विचारायची. हा प्रश्न मला तोवर दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. धुरीला तिने ठाम नकार दिला, पण दुधासाठी बडीशेपेचा चहा आपणहून सुचवला. हे ऐकल्यावर फोनवर आईचा जीव भांड्यात पडला. बाई शहाणी दिसते, असे तिने लगेच जाहीर केले.

रजेच्या बाबतीत इथे तक्रारीला जागा नाही. आई आणि वडील या दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत नोकरी न गमावता रजा घेता येते. दोघांनीही रजा घेतल्यास मिळून चौदा महिने भत्ता मिळतो, जो साधारणपणे निव्वळ पगाराच्या ६५ टक्के आणि महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो असतो. मी बारा महिने घेतले, नवऱ्याने दोन. पुष्कळ वडील दोनच घेतात.

पाळणाघराची गोष्ट मात्र वेगळी आहे. मूल एक वर्षाचे झाले की त्याला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे, पण हक्क असणे आणि जागा असणे यांत फार अंतर आहे. मी पोटुशी असताना नाव नोंदवले होते आणि जागा मिळाली तेव्हा मुलगी एकोणीस महिन्यांची होती. जागा मिळाली म्हणजे तिला सोडून कामावर जाता आले असेही नाही. पहिले तीन दिवस आईने तिथे कोपऱ्यात नुसते बसून राहायचे, चौथ्या दिवशी दहा मिनिटे बाहेर जायचे, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, असे करत मूल रुळायला आमचे पाच आठवडे गेले. इथल्या शिक्षिका या बाबतीत जराही घाई करत नाहीत. तेव्हा मी चरफडत होते, कारण कार्यालयातून रोज विचारणा होत होती. आता वाटते, की नाशिकमध्ये बालवाडीच्या दारातून रडणारे मूल आत ओढून घेतात आणि ‘आई गेली की गप्प होते’ असे सांगतात, त्यापेक्षा हे बरे.

त्यानंतरचा पहिला हिवाळा कोणालाही चुकत नाही. दर पंधरा दिवसांनी सर्दी, ताप, जुलाब यांपैकी काहीतरी घरी येते. आजारी मुलासाठी प्रत्येक पालकाला वर्षाला पंधरा दिवसांची वेगळी भरपाई मिळते; आमचे दोघांचे मिळून तीस दिवस मार्चपर्यंत संपले होते.

शेजाराविषयी फार आशा ठेवू नये. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एका रविवारी दारात चिठ्ठी ठेवली, की दुपारी १ ते ३ या वेळात मूल पळते त्याचा त्रास होतो. आम्ही जाड गालिचा आणला. त्या अजूनही जिन्यात फक्त मान हलवतात.

डॅलस, अमेरिका (घर सिडको)

वरच्या ताईंचे वाचून हेवा वाटला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पगारी बाळंतपणाची रजा नाही. बारा आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, पण तीही पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी एक वर्ष नोकरी झाली असेल तरच. काही राज्यांनी स्वतःच्या योजना केल्या आहेत, टेक्सासमध्ये खासगी नोकरदारांसाठी तशी योजना नव्हती. पत्नीच्या नोकरीला प्रसूतीच्या वेळी सातच महिने झाले होते, त्यामुळे तिच्या कंपनीने कृपा म्हणून दिलेले सहा आठवडे, एवढेच तिला मिळाले. सहा आठवड्यांच्या बाळाला टाकून ती कामावर कशी जाणार, याचे आमच्यापाशी एकच उत्तर होते, आणि ते सिडकोत राहत होते.

आई आली ती डिंक, अळीव, खारीक आणि चार किलो मेतकूट-भाजणी घेऊन. प्रवासी व्हिसावर बहुधा सहा महिने राहता येते, तेवढी ती राहिली. पहिले दोन महिने आमचे घर नाशिकसारखे झाले होते. बाळ न्हाऊन-माखून झोपलेले, ओट्यावर वरण-भात झाकलेला, आम्ही दोघे निश्चिंत.

तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले, की मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येण्याच्या वेळी आई खिडकीत जाऊन उभी राहते. विचारल्यावर म्हणाली, ‘तेवढेच एक माणूस दिसते रे.’ सिडकोत भाजी आणायला निघालेली माझी आई चार दारांत बोलून दोन तासांनी परत येते. इथे आमच्या वस्तीत पदपथ अर्ध्यावर संपतात, दुकान चार मैलांवर आहे आणि तिला गाडी येत नाही. आमच्या घरात तिसरे माणूस आले खरे, पण ते आणताना आम्ही त्याच्या सगळ्या माणसांतून त्याला उचलले, याचा विचार विमानाचे तिकीट काढताना आमच्या मनात आला नव्हता. त्यानंतर मी दर शनिवारी तिला मंदिरात आणि रविवारी मराठी मंडळाच्या शाळेत नेऊ लागलो. तिथे तिला संगमनेरच्या एक बाई भेटल्या आणि उरलेले महिने बरे गेले. ती परतली त्या आठवड्यात सासूबाई आल्या, आणि मुलगा वर्षाचा झाल्यावर पाळणाघरात गेला. त्याचे शुल्क आमच्या घरहप्त्याच्या खालोखाल आहे.

उप्साला, स्वीडन (घर सातपूर)

इथे एका मुलामागे दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. त्यांतले नव्वद दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात; वडिलांनी ते घेतले नाहीत तर आईला देता येत नाहीत, वाया जातात. मी सहा महिने घरी होतो. सातपूरला कारखान्यात अठ्ठावीस वर्षे पाळीने काम केलेल्या माझ्या वडिलांची खात्रीच पटली होती, की माझी नोकरी गेली आहे आणि मी ते लपवत आहे. शेवटी त्यांना कंपनीचे पत्र मराठीत करून वाचून दाखवावे लागले. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न असा होता, की मग सूनबाई कामावर जाऊन तू भांडी घासतोस हे खरे का. खरे आहे, असे मी सांगितले. आता ते हे सर्वांना कौतुकाने सांगतात, असे लिहायला मला आवडले असते.

आजारी मुलासाठी घेतलेल्या रजेला इथे ‘वाब’ म्हणतात, आणि फेब्रुवारीत ती इतके लोक घेतात की त्या महिन्याला ‘वाबरुआरी’ असे नावच पडले आहे.

दुबई (घर नाशिक रोड)

आमचा अनुभव सौम्य आहे. घड्याळात फक्त दीड तासाचे अंतर, विमान तीन-साडेतीन तासांचे, त्यामुळे आई-बाबा येऊन-जाऊन असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना दिवसा बाहेर काढता येत नाही, हाच काय तो त्रास. ते दोन महिने आम्ही नाशिकला येतो आणि मुले पावसात भिजतात.

गंगापूर रोड, नाशिक (नातू रेडिंग, इंग्लंड)

मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. टेक्सासच्या गृहस्थांनी आपल्या आईविषयी जे लिहिले, ते आईला वाचून दाखवले आहे का, असे मला त्यांना विचारावेसे वाटते. दाखवले नसल्यास दाखवावे.

मी दोनदा इंग्लंडला जाऊन आले. पहिल्या खेपेस सूनबाईंनी फ्रिजवर नियमांचा कागद लावला होता. बाळाला वर्षभर मध नाही, मीठ नाही, झोपवायचे ते पाठीवर आणि वेगळ्या पाळण्यात, आपल्या कुशीत नाही. तीन मुले वाढवलेल्या बाईला हा कागद वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको. आम्ही मधाचे बोट चाटवूनच बाळगुटी दिली होती. पुढे घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने मला शांतपणे समजावले, की मधात क्वचित असा जंतू असतो जो मोठ्यांना बाधत नाही, पण तान्ह्या बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार देऊ शकतो. ते मला पटले. कुशीत न झोपवण्याचे कारणही बुद्धीला पटले, मनाला नाही. तेल लावण्यावर मात्र मी ठाम राहिले आणि त्यात सूनबाईंनी माघार घेतली.

आपल्या बहिणीच्या आंघोळीच्या प्रश्नाचे आमच्या घरचे उत्तर असे आहे. नातू आता दीड वर्षाचा आहे. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सूनबाई त्याला उंच खुर्चीत पट्ट्याने बांधतात, समोर साखरेच्या डब्याला टेकवून फोन ठेवतात आणि आंघोळीला जातात. ती पंधरा मिनिटे मी त्याच्याजवळ बसलेली असते. चिऊचा घास, काऊचा घास म्हणते, तो स्वतःच्या हाताने खातो, मधूनच एक घास फोनला भरवतो आणि मग पुढचा सगळा वेळ मला केळ्याच्या लगद्यातून त्याचा चेहरा अंधूक दिसतो. पट्टा सुटून तो सरकू लागला की मी जिवाच्या आकांताने ओरडते आणि सूनबाई डोक्याचा फेस तसाच ठेवून धावत येतात. हाक मारणे एवढेच मला इथून करता येते. एकदा ऐन वेळी इथली वीज गेली, तेव्हापासून मी इन्व्हर्टर बसवून घेतला आहे. मुलगा म्हणाला, आई, एवढ्यासाठी? मी म्हटले, एवढ्यासाठीच.

योकोहामा, जपान, आता पुन्हा कॉलेज रोड, नाशिक

सर्वांनी जाण्याविषयी लिहिले आहे, मी परतण्याविषयी लिहिते. जपानमध्ये गरोदरपणाची नोंद करताच पालिकेकडून आई आणि बाळाची मिळून एक आरोग्यपुस्तिका मिळते, आणि पाळणाघराची एक रोजनिशी असते. त्यात सकाळी मी लिहायचे, की ताप किती, झोप किती, शी झाली का, काय खाल्ले. संध्याकाळी शिक्षिका तेच उलट लिहून पाठवायच्या. त्या वह्यांचा गठ्ठा मी आणला आहे. माझ्या मुलाच्या दिवसाची इतकी बारकाईने विचारपूस करणारे तिसरे माणूस माझ्यापाशी तिथे तेवढेच होते, आणि ते कागदावर होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही परतलो तेव्हा घरात एकदम आठ माणसे झाली. मला वाटले होते की सुटले. प्रत्यक्षात स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या, आपले ताट आपण उचलणाऱ्या साडेसहा वर्षांच्या मुलाला सासूबाई भरवू लागल्या, सासरे शाळेतून येताना रोज चॉकलेट आणू लागले, आणि दीर त्याचे दप्तर उचलू लागले. इतकी वर्षे प्रत्येक निर्णय आम्ही दोघांनी घेतला होता. आता त्याला स्वेटर घालावा की नाही यावर बैठक बसायची. तिसऱ्या माणसासाठी रडलेल्या मला आठवे माणूस नकोसे झाले, हे लिहिताना लाज वाटते, पण तसे झाले. त्यावर मी सासूबाईंशी एकदा नीट बोलले आणि त्यांनी भरवणे रविवारपुरते ठेवले.

शाळेत त्याने पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर फडके घेऊन वर्ग पुसायला घेतला, कारण तिथे मुलेच वर्ग स्वच्छ करतात. बाईंना वाटले, कोणी शिक्षा केली. आता तो पुसत नाही.

एक सवय मात्र अजून टिकून आहे. तिथे लहान मुले रस्ता ओलांडताना एक हात सरळ वर करतात, म्हणजे वाहनचालकांना दिसतात. तो कॉलेज रोडवरही तसाच हात वर करून उभा राहतो. रिक्षा, दुचाक्या, स्कूलबस यांपैकी कोणी थांबत नाही. मग आजोबा रस्त्यात उतरतात, आपलाही हात वर करतात, आणि दोघे पलीकडे जातात.