ऑफ-लीश डॉग पार्क नक्की कुणाच्या सोयीसाठी?

रेडमंडकर
अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमॅमिश या पट्ट्यात मराठी घरांत आता कुत्रे भरपूर झालेत, आणि पपी आला की ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, मेरीमूरला कधी न्यायचं? (बाहेरच्यांसाठी: मेरीमूर म्हणजे किंग काउंटीचं मोठं पार्क, त्यातली जवळपास ४० एकर जागा कुत्र्यांना मोकळं सोडायला ठेवलीय, शेजारून सॅमॅमिश नदी वाहते, कुत्रे पाण्यातही उतरतात.) माझं मत विचाराल तर नेऊ नका, निदान 'सोशलायझेशन' या नावाखाली तरी नकोच. पपीचं जगाला सरावायचं वय साधारण ३ ते १४ आठवडे, आणि लसी पूर्ण होतात १६ आठवड्यांच्या आसपास. म्हणजे उपयोग झाला असता तेव्हा पार्कात नेता येत नाही आणि नेता येतं तेव्हा ते वय सरलेलं असतं. मग मोठा झालेला कुत्रा तिथे जाऊन शिकतो काय, तर हाक मारली तरी यायची गरज नसते, कारण पळून जाण्यात जास्त मजा आहे. आणि मालक मंडळी? हातात कॉफी, घोळका करून ग्रीन कार्डच्या गप्पा, आपला कुत्रा कुठे कुणाच्या अंगावर चढलाय याचा पत्ता नाही. यापेक्षा ३० फुटी लाँग लाइन (लांब दोरी) घ्या, निवांत जागी न्या, मनसोक्त वास घेऊ द्या.

हस्कीचा_बाबा
साहेब तुमच्याकडे बॅकयार्ड आहे का? नक्की असणार. आम्ही वन बेडरूममध्ये राहतो आणि हस्की आहे, त्याला ३० फुटी दोरीने बांधून एकदा तुम्हीच पळवून दाखवा, खार दिसली की दोरी हातातून जाईल नाहीतर खांदा तरी निखळेल. लीश लॉ (कुत्रा दोरीला बांधूनच फिरवायचा नियम) सगळीकडे, नॅशनल पार्कात तर ६ फुटांपेक्षा लांब लीशसुद्धा चालत नाही, मग या प्राण्याने पळायचं कुठे, लिफ्टमध्ये? आम्ही सिअ‍ॅटलच्या मॅग्नुसन पार्कला जातो, कुंपण आहे, लेक वॉशिंग्टनवर कुत्र्यांसाठी वेगळा किनारा आहे, घरी आला की गाढ झोपतो. चार लोक गप्पा मारत उभे राहतात म्हणून पार्क वाईट कसं काय झालं?

छोटीची_आई
रेडमंडकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. माझी माल्टीज ७ पौंडांची. लांबून ७० पौंडांचा लॅब सुसाट येतो आणि मागून मालकाचं पालुपद, 'डोंट वरी, ही इज फ्रेंडली!' अहो असेल तो फ्रेंडली, पण प्रेमाने जरी आदळला तरी माझीच्या बरगड्या मोडतील. मोठा कुत्रा पळत्या छोट्या कुत्र्याला कधी कधी ससा समजतो, खेळता खेळता एकदम शिकारीचा मूड येतो, त्याचा स्वभाव चांगला की वाईट याचा त्याच्याशी संबंध नसतो. मॅग्नुसनला छोट्या आणि बुजऱ्या कुत्र्यांसाठी वेगळा भाग आहे, तिथे जाते मी. पण तो भाग रिकामा दिसला की मोठ्या कुत्र्यांवालेच 'जरा शांतपणे खेळू दे' म्हणून आत घुसतात, आता बोला.

हस्कीचा_बाबा
हे मात्र खरं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

क्लिनिकवाली_मावशी
मी व्हेट टेक्निशियन (प्राण्यांच्या डॉक्टरांची, म्हणजे व्हेटची मदतनीस) आहे, इथल्याच एका क्लिनिकमध्ये. दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्हीकडे थोडं थोडं चुकतंय.

रेडमंडकर, वयाचं गणित बरोबर, पण त्यावरून पपीला १६ आठवडे घरात कोंडायचं असं कुणी समजू नका. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या इथल्या व्हेट्सची संघटना म्हणते की लसीचा पहिला डोस होऊन ७ दिवस झाले की ७-८ आठवड्यांच्या पपीला चांगल्या पपी क्लासला न्यायला हरकत नाही. कडेवर घेऊन बाजारात, बसस्टॉपवर फिरवा. पार्क त्या वयात नकोच, ते बरोबर.

आता पार्काबद्दल. आमच्याकडे येतात त्या केसेस म्हणजे डबक्यातलं पाणी पिऊन जिआर्डिया (पोटाचा संसर्ग), एकमेकांकडून लागणारा केनेल कफ (खोकला), कधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). आणि इथल्या नदीकाठाचा खास धोका म्हणजे कच्चा सॅमन! इसाक्वा गावच्या हॅचरीकडे (मत्स्यबीज केंद्राकडे) जाणारे सॅमन याच सॅमॅमिश नदीतून वर जातात, शरद ऋतूत मेलेले मासे काठाला लागतात, कुत्र्याने खाल्ला तर त्यातल्या कृमींमधल्या जंतूंनी सॅमन पॉयझनिंग होतं. साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद. वेळेत आणलं तर अँटिबायोटिकने बरे होतात, नाही आणलं तर बहुतेक जातात. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, कारण 'मासे तर आपणही खातो की'. अहो, आपण शिजवून खातो.

आणि कुत्रे भिडले तर गळपट्ट्याला हात घालू नका, माणसांचे हात फाटतात ते तिथेच. आधी मोठा आवाज करा, पाणी ओता.

बर्कलीचा_जुना
पार्क कुणासाठी असं विचारलंय म्हणून थोडा इतिहास. अमेरिकेतलं पहिलं डॉग पार्क म्हणून आमच्या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं ओलोनी सांगतात, १९७९ चं. बार्ट रेल्वे जमिनीखालून नेताना घरं पाडून वर मोकळी झालेली जागा, त्यातला एक तुकडा लोकांनी मागून घेतला, कारण बाकी शहरात लीश सक्ती आली होती. म्हणजे बाकीच्या पार्कात मुलं, म्हातारे, सायकलवाले निर्धास्त फिरावेत म्हणून कुत्र्यांना स्वतःचा तुकडा. या हिशोबाने पार्क सर्वात जास्त कुणासाठी असेल तर ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांच्यासाठी, आणि मला यात वावगं काही वाटत नाही. कुत्रा शिकेल, शहाणा होईल ही अपेक्षा आपण नंतर चिकटवली.

टेकडीवरून
पुण्यातून लिहितोय, तुम्हाला भांडायला पार्क तरी आहे! आमच्याकडे सकाळी वेताळ टेकडीवर बघा, गाडीतून उतरवला की लीश काढायची आणि सोडून द्यायचा, 'मोकळी हवा' म्हणे. तिथे मोर आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, त्यांच्या मागे यांचे लॅब आणि बीगल. शिवाय टेकडीवरचे स्वतःचे भटके कुत्रे, त्यांच्या हद्दीत हा गळ्यात पट्टा असलेला पाळीव कुत्रा शिरला की रोजची रणधुमाळी. हैदराबादमध्ये महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी पार्क केलं तेव्हा इथे किती लोक हसले, म्हणाले माणसांना बागा नाहीत आणि कुत्र्यांना कसले लाड. बर्कलीवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं, मला कुत्रा नाही आणि मलाच ते कुंपण हवंय.

रेडमंडकर
टेकडीवरून, तुमचा मुद्दा मान्य, पण तो कुंपणाचा झाला. माझी तक्रार कुंपणाच्या आतल्या माणसांची आहे. दोन फाटकांच्या मधे लीश काढायची असते, हे साधं लोक पाळत नाहीत, लीश लावूनच आत घेतात, मग बांधलेल्याभोवती दहा सुटे जमतात, तो घाबरून गुरगुरतो आणि सगळे म्हणतात 'अ‍ॅग्रेसिव्ह आहे'. खिशात ट्रीट्स, हातात बॉल, त्यावरून मारामाऱ्या. आपल्या एका कुटुंबाने तर बाकावर पराठ्यांचा डबा उघडलेला बघितलाय मी, सोबत तीन वर्षांचं पोर, पोराच्या हातात रोल! वॉशिंग्टन राज्यात कुत्रा माणसाला चावला तर 'आधी कधी चावला नव्हता' हे कारण चालत नाही, जबाबदारी मालकाचीच. पण पोराच्या गालावर टाके पडल्यावर कायदा काय कामाचा?

आणि बॅकयार्ड आहे, होय. पण नसेल तर स्निफस्पॉट नावाच्या साइटवर कुणाचंही कुंपणवालं आवार तासावर भाड्याने मिळतं, परका कुत्रा नाही, कटकट नाही.

हस्कीचा_बाबा
रोज पैसे भरून? त्यात माझं जिम होईल. आणि माझ्या कुत्र्याला दुसरे कुत्रे *आवडतात* हो, तुमच्या कुत्र्याला नसतील आवडत. दोघं पुढून वाकतात, बूड वर, आळीपाळीने एकमेकांचा पाठलाग करतात, हे त्याला मी एकटा कुठून देऊ?

क्लिनिकवाली_मावशी
आळीपाळीने हेच महत्त्वाचं. एकच कुत्रा सारखा खाली दबलेला असेल तर ते खेळणं नाही, आपला उचला आणि निघा. हस्कीच्या बाबा, तुमचा आनंदी आहे तर न्या. शनिवार-रविवारी दुपारी न नेता सकाळी न्या, तेव्हा रोजची ओळखीची कुत्री असतात.

रेडमंडकर
ठीक, वर्षाच्या पुढचा, बोलावल्यावर येणारा, मालक फोन खिशात ठेवणारा. असा कुत्रा न्यायला माझी ना नाही. असे किती आहेत ते पार्कात जाऊन मोजा.

छोटीची_आई
ते सगळं असू दे, पण 'ही इज फ्रेंडली' वाल्याचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही!

क्लिनिकवाली_मावशी
'माझ्या कुत्रीला सर्दी-खोकला आहे' म्हणून ओरडायचं. दोन सेकंदात बोलावून घेतात.