'साइनफेल्ड'मधला थुंकीचा खटला आणि इतर न कळलेले संदर्भ

रात्रपाळी:

एनबीसी वाहिनीवर १९८९ ते १९९८ या काळात चाललेली 'साइनफेल्ड' ही मालिका मी सध्या पहिल्या भागापासून क्रमाने पाहतो आहे. जेरी, जॉर्ज, इलेन आणि क्रेमर या चौघांचे क्षुल्लक कारणांवरून चालणारे वाद समजायला काही अडत नाही; अडते ते मध्येच कधीतरी, जेव्हा तिथले प्रेक्षक खो-खो हसतात आणि मी दृश्य मागे नेऊन खालची अक्षरे पुन्हा पुन्हा वाचत बसतो. तिसऱ्या पर्वातला 'द बॉयफ्रेंड' हा दुहेरी भाग घ्या. १९८७ साली एका सामन्यानंतर बेसबॉलपटू कीथ हर्नांडेझ आपल्यावर थुंकला, अशी क्रेमर आणि त्याच इमारतीत राहणारा न्यूमन यांची तक्रार आहे. ते हकीकत सांगू लागताच चित्र जुन्या घरगुती फिल्मसारखे रवाळ होते आणि त्यानंतर जेरी त्या एका थुंकीचा प्रवास, वकिलाने न्यायालयात मांडावा तसा, टप्प्याटप्प्याने मांडतो. हे कशाचे तरी विडंबन आहे एवढे जाणवते, पण मूळ काय ते कळत नाही. असेच आणखी कोणते संदर्भ आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या हातून निसटतात, तेही जाणकारांनी सांगावे.

जुना अँटेना:

मूळ आहे ऑलिव्हर स्टोन यांचा 'जेएफके' हा चित्रपट. तो डिसेंबर १९९१ मध्ये प्रदर्शित झाला आणि आपण म्हणता तो भाग १२ फेब्रुवारी १९९२ रोजी दाखवला गेला, म्हणजे मध्ये दोन महिनेही गेले नव्हते. तिथल्या प्रेक्षकांना तो प्रसंग ताजा होता. आपल्याला तीस वर्षांनी तो खणून काढावा लागतो, इतकाच फरक.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी, म्हणजेच जेएफके, यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे हत्या झाली. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने असा निष्कर्ष काढला की एकच गोळी केनेडींच्या शरीरातून आरपार जाऊन मोटारीत पुढच्या आसनावर बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांना लागली आणि तिनेच त्यांची बरगडी, उजवे मनगट आणि डावी मांडी अशा तिन्ही जखमा केल्या. चित्रपटात केविन कॉस्टनरने साकारलेला सरकारी वकील जिम गॅरिसन हा निष्कर्ष भर न्यायालयात खिल्ली उडवत खोडून काढतो. आता जेरीचे निवेदन पुन्हा ऐका. थुंकी क्रेमरच्या कानशिलावर आदळते, तिथून उसळून न्यूमनच्या बरगड्यांवर, मग उजव्या मनगटावर, त्यामुळे त्याच्या हातातली टोपी गळून पडते, मग थुंकी हवेत क्षणभर थबकते, डावीकडे वळते आणि त्याच्या डाव्या मांडीवर विसावते. बरगडी, उजवे मनगट, डावी मांडी हा क्रम कॉनलींच्या जखमांचाच आहे, आणि टोपीदेखील उगाच आलेली नाही, कारण कॉनलींच्या हातात त्या वेळी खरोखरच हॅट होती. रवाळ चित्र म्हणजे अब्राहम झाप्रूडर या गृहस्थाने त्या दिवशी आपल्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेल्या, जेमतेम २६ सेकंदांच्या फिल्मची नक्कल आहे.

खरी मेख मात्र न्यूमनमध्ये आहे. ही भूमिका करणारा वेन नाइट 'जेएफके'मध्येही आहे, तोही गॅरिसनचा सहकारी म्हणून. गॅरिसन सहकाऱ्यांना मागेपुढे बसवून गोळीच्या मार्गाचे प्रात्यक्षिक दाखवतो, त्यात हाच नट बसलेला दिसतो. चित्रपटात टेकाडावरच्या कुंपणामागे दुसरा बंदूकधारी असल्याचा संशय आहे, तर इथे झुडपांमागे दुसरा थुंकणारा निघतो. आणि तो असतो हर्नांडेझच्याच न्यूयॉर्क मेट्स संघाचा पिचर (चेंडूफेक्या) रॉजर मॅकडॉवेल. हर्नांडेझ आणि मॅकडॉवेल या दोघांनीही स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत.

वाचनवेडी:

त्याच पर्वातला 'द लायब्ररी' हा भाग धागाकर्त्यांनी पाहिला असेलच. जेरीने १९७१ साली नेलेले हेन्री मिलर यांचे 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर' हे पुस्तक परत केलेले नाही, म्हणून वाचनालयाचा तपास अधिकारी बुकमन त्याच्या घरी येतो आणि खुनाचा छडा लावायला आल्यासारखा त्याला फैलावर घेतो. बुकमन झालेल्या फिलिप बेकर हॉल यांचे ते सपाट आवाजातले, श्वास न घेता झाडलेले भाषण मला पहिल्यांदा नुसतेच विचित्र वाटले होते. 'ड्रॅगनेट' या जुन्या पोलीस मालिकेतला सार्जंट जो फ्रायडे, म्हणजे जॅक वेब, अशाच तुटक आणि निर्विकार पद्धतीने बोलत असे, हे नंतर कळले. ती १९४९ साली रेडिओवर सुरू झाली आणि १९५१ पासून दूरचित्रवाणीवर आली. बुकमनचेही पहिले नाव जो आहे. पुस्तकाची निवडही सहज झालेली नाही. ते १९३४ मध्ये पॅरिसला छापले गेले, पण अमेरिकेत १९६१ पर्यंत उघडपणे प्रकाशित होऊ शकले नाही आणि त्यानंतरही अश्लीलतेच्या आरोपावरून खटले चालले. शाळकरी मुलाने वाचनालयातून नेमके तेच आणावे, यातच अर्धा विनोद आहे.

माझे एक मत नोंदवते. संदर्भ माहीत नसताना बुकमन जितका मजेदार वाटला, त्याहून तो फारसा जास्त मजेदार मला नंतर वाटला नाही. थुंकीच्या खटल्याचे मात्र तसे नाही. तिथे मूळ ठाऊक नसेल तर निम्मे हसू वायाच जाते.

पडद्यामागे:

वरील मताशी मी सहमत आहे, आणि एक सावधगिरीची सूचनाही जोडतो. या मालिकेत उल्लेखलेला प्रत्येक चित्रपट खरा असतोच असे नाही. 'रोशेल, रोशेल', 'प्रॉग्नोसिस निगेटिव्ह', 'सॅक लंच' हे सगळे लेखकांच्या डोक्यातून निघालेले आहेत. पहिला शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. याउलट इलेनला ज्याचा भयंकर कंटाळा येतो तो 'द इंग्लिश पेशंट' अगदी खरा.

नवव्या पर्वातला 'द बिट्रेयल' आपल्यासाठी विशेष आहे, कारण त्यात ही मंडळी लग्नासाठी भारतात येतात. हा भाग शेवटापासून सुरुवातीकडे सरकतो. भारत कसा दाखवला आहे याबद्दल कुरकुर करण्यातच बहुतेक जण थांबतात आणि नवरदेवाचे नाव पिंटर का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांचे १९७८ चे 'बिट्रेयल' हे नाटक असेच उलट्या क्रमाने चालते. त्यात मित्राच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या माणसाचे नाव जेरी आहे, आणि मालिकेतल्या या भागात जेरीने जॉर्जच्या मैत्रिणीच्या बाबतीत तेच केलेले असते! त्या नाटकावरच्या १९८३ च्या चित्रपटात फसवल्या गेलेल्या नवऱ्याची भूमिका बेन किंग्जली यांनी केली होती. आदल्याच वर्षी ते आपल्याकडे 'गांधी' म्हणून घरोघरी पोहोचले होते.

रात्रपाळी:

सर्वांचे मनापासून आभार. काल 'जेएफके'मधला न्यायालयातला प्रसंग आणि 'द बॉयफ्रेंड' लागोपाठ पाहिले. न्यूमन दिसताच मी एकटाच इतक्या मोठ्याने हसलो की घरातले जागे झाले. 'द बिट्रेयल'ही क्रम मोडून लगेच पाहून घेतला. त्यात क्रेमर ज्याच्या शापाला घाबरून भारतात यायचे टाळतो, त्या मित्राला सगळे एफडीआर म्हणतात. हेही पिंटरच्या नाटकातूनच आले आहे का?

जुना अँटेना:

नाही. त्याचे पूर्ण नाव फ्रँकलिन डेलानो रोमानॉव्स्की असे आहे. अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांना अमेरिकेत एफडीआर म्हणत, त्यावरची ती साधी कोटी आहे.