मदत हवी आहे: हॅवलॉकच्या फेरीबोटीत डायव्हिंगचं सामान (वजन, छोटी टाकी, परतीचं ओलं सामान)

सागरगोटा

पुणे ते पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) विमानाने, तिथून खासगी कॅटामरानने (दोन सांगाड्यांची वेगवान प्रवासी बोट) हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, असा बेत आहे. चौघे आहोत, सगळे प्रमाणित डायव्हर, प्रत्येकाचं सामान स्वतःचं.

अडचण फेरीबोटीची आहे. तिकिटावरच्या अटींप्रमाणे माणशी २० किलो जमा सामान आणि ५ किलो हातात. डायव्हिंगच्या सामानासाठी वेगळा रकाना नाही. फोनवर विचारलं तर एकाने "चालेल, आणा" म्हटलं, दुसऱ्याने "जेट्टीवरचे लोक ठरवतील" म्हटलं. जेट्टीवर कोणी नाही म्हटलं तर परत फिरायला वेळ नसतो आणि पुढची बोट भरलेली असते. या अनिश्चिततेचा खरोखर वैताग आला आहे.

माझ्या बॅगेचा हिशेब, किलोमध्ये:

चाकांची डाइव्ह बॅग ४.८, बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जाकीट) ३.६, रेग्युलेटर संच (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) २.४, रबरी ओपन-हील फिन्स (पोहण्याची पाती, बुटांवर चढवायची) २.९, बूट ०.९, ५ मिमी जाडीचा वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) २.८, दोन मास्क आणि स्नॉर्केल ०.७, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं छोटं यंत्र), टॉर्च, एसएमबी (पाण्यावर सोडायचा खुणेचा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रीळ मिळून १.६, कपडे वगैरे ४. एकूण २३.७.

विमानात १५ जमा आणि ७ हातात, म्हणून ५ किलो जादा विकत घ्यायच्या विचारात आहे. प्रश्न असे:

१. फेरीत वजन बसवायचं तर काय कमी करू?
२. एका मित्राकडे ३ लिटरची ॲल्युमिनियमची पोनी टाकी (आणीबाणीसाठीची छोटी जादा टाकी) आहे, परदेशातून आणलेली. रिकामी करून नेली तर चालेल का?
३. रेग्युलेटर जमा सामानात द्यायला लावतील का? दिला तर तो कसा बांधायचा?

---

मीठगर

आधी टाकीचं सांगतो, कारण त्यात तडजोड नाही. घरीच ठेवा.

भरलेली टाकी म्हणजे दाबाखालची हवा. जहाजवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत तिचा क्रमांक यूएन १००२, वर्ग २.२. प्रवासी बोटीच्या सामानात ती न घेणं बरोबरच आहे. ३ लिटरची टाकी २०० बार दाबाला भरली की आत ६०० लिटर हवा असते. ती आडवी पडून झडपेवर आपटली आणि झडप तुटली तर एवढी हवा काही क्षणांत बाहेर पडते आणि टाकी भिरकावली जाते.

"रिकामी नेतो" म्हणालात तर जेट्टीवरच्या माणसाला ती रिकामी आहे हे बाहेरून कळत नाही. विमानात नेताना झडप काढून आत दिसेल अशी न्यावी लागते. म्हणजे पाना, सुटी ओ-रिंग (झडपेचं रबरी कडं), उघडं तोंड झाकायला बूच हे सगळं सोबत आलं. झडप काढली की दमट खारी हवा आत जाते, मग भरण्याआधी आतून तपासणी करायला हवी.

इतकं करूनही हॅवलॉकला ती कोणी भरून देईल असं धरू नका. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मंजुरी नसलेलं सिलिंडर भरता येत नाही. ही मंजुरी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना देते. परदेशात घेतलेल्या सुट्या टाकीवर ती नसते. भरणाऱ्याने नाही म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नये, तो स्वतःचा परवाना सांभाळतो आहे.

पोनी हवीच असेल तर डाइव्ह सेंटरला आधी लिहून विचारा. नेहमीच्या टाक्या आणि शिसं (बुडण्यासाठी अंगावर बांधायची वजनं) तिथे डाइव्हच्या दरातच धरलेलं असतं. ११.१ लिटरची ॲल्युमिनियम टाकी रिकामी १४ किलोच्या वर भरते, आत हवाच पावणेतीन किलो असते. ती वाहून नेण्यात काहीच हशील नाही.

---

प्रवाळ

सागरगोटा, तुमच्या यादीत सगळ्यात महागडी वस्तू बॅग आहे. ४.८ किलो म्हणजे विमानाच्या १५ किलोंतला जवळपास एक तृतीयांश भाग रिकाम्या बॅगेलाच गेला. चाकं पुण्याच्या विमानतळावर कामी येतात. जेट्टीच्या पायऱ्यांवर आणि वाळूत बॅग उचलावीच लागते. तोंड गुंडाळून बंद करायची ९० लिटरची जलरोधक डफल घ्या, दीड किलोत येते. कॅटामरानवर जमा सामान एकावर एक रचतात, कधी ते उघड्या भागात असतं आणि खारे शिंतोडे उडतात. त्यातूनही वाचाल.

वेटसूट बदला. अंदमानात पाणी २७ ते ३० अंश असतं, ३ मिमी पुरतो. फार थंडी वाजणाऱ्याने आत पातळ बनियन घालावं. ५ मिमी नेला तर वजन एक किलो वाढतं आणि त्याला बुडवायला शिसंही जास्त लागतं.

रबरी फिन्स आणि बूट मिळून ३.८ किलो. फुल-फूट फिन्स (टाचेसकट अनवाणी पाय आत जाणाऱ्या) १.८ किलोत येतात, बुटांची गरज उरत नाही. फिन्सची लांबी मात्र बॅगेच्या आत कर्णरेषेत मोजून पाहा. पाती वाकवून कोंबली आणि उन्हात तशीच राहिली तर बाक कायमचा राहतो.

नवा हिशेब:

जमा: डफल १.५, बीसीडी ३.६, फिन्स १.८, वेटसूट १.८, दुसरा मास्क आणि स्नॉर्केल ०.३५, टॉर्च-एसएमबी-रीळ १.२, कपडे ४. बेरीज १४.२५.

हातात: रेग्युलेटर २.४, कॉम्प्युटर आणि बॅटऱ्या ०.४, मुख्य मास्क ०.३५, पाठपिशवी ०.७. बेरीज ३.८५.

विमान आणि फेरी दोन्हीत बसतं. जाताना जादा वजन विकत घेऊ नका. आणि मुळात विमानात ५ किलो विकत घेतलं म्हणजे फेरीत आपोआप बसलं असं होत नाही. २० किलोची भरलेली बॅग विमानातून सुखरूप येते, पोर्ट ब्लेअरला तिच्यात पाण्याची बाटली किंवा ओला टॉवेल गेला की जेट्टीच्या काट्यावर अडकते.

---

सुकाणू

प्रवाळ यांच्या यादीशी सहमत, फक्त फुल-फूटबद्दल एक सावधगिरी. हॅवलॉकला डाइव्ह बोटीपर्यंत बऱ्याचदा पाण्यातून चालत जावं लागतं. ओहोटीला बोट लांब उभी असते आणि पायाखाली मेलेल्या पोवळ्यांचे धारदार तुकडे असतात. अनवाणी जाऊ नका. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घाला आणि बोटीवर चढल्यावर काढा. फिन्समध्ये पायाला घासू नये म्हणून पातळ निओप्रीन मोजे. दोन्हींचं मिळून वजन बुटांपेक्षा कमी आणि फ्लोटर्स प्रवासात पायातच असतात.

रेग्युलेटर हातातच ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. जेट्टीवर स्कॅनरमधून बॅग जाते तेव्हा पितळी फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) आणि नळ्या पडद्यावर विचित्र दिसतात. पिशवी उघडायला लावली तर सहज उघडेल असा सगळ्यात वर ठेवा. "श्वासाचं उपकरण आहे, नाजूक आहे, आत दाब नाही" एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेकदा काम होतं. फोनमध्ये तेच उपकरण टाकीला लावलेलं असतानाचा फोटो ठेवा, समोरच्याला लगेच समजतं.

तरीही जमा करायला लावलंच तर असं बांधा:

डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडाचं झाकण) कोरडी करून घट्ट बसवा. नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, फर्स्ट स्टेजपाशी मुरडू देऊ नका, तिथेच त्या आधी चिरतात. सेकंड स्टेजवर (तोंडात धरायच्या भागावर) काही दाबून बसणार नाही असं पाहा. बीसीडीत थोडी हवा भरा, त्याच्या घडीत रेग्युलेटर ठेवा, बाहेरून वेटसूट गुंडाळा. फिन्स दोन्ही बाजूंना उभ्या, म्हणजे वरून दाब आला तरी पाती तो झेलतात. विमानात मात्र बीसीडीतली हवा काढून टाका, उंचीवर ती फुगते.

आणि तुमचा रेग्युलेटर डिन आहे की योक? (टाकीला जोडायचे हे दोन प्रकार: डिन आट्यांनी बसतो, योक पकडीने.) तिथल्या टाक्यांवर योक झडप गृहीत धरा. डिन असेल तर अडॅप्टर इथूनच न्या, बेटावर ऐनवेळी मिळेलच असं नाही.

---

सागरगोटा

डिन आहे, अडॅप्टर यादीत घातला. पोनीचा विषय बंद, मित्राला धागा वाचायला दिला.

आणखी दोन. टॉर्च: दोघांकडे २१७०० सेलचे (रिचार्ज होणाऱ्या लिथियम सेलचा एक आकार) आहेत, एकाकडे व्हिडिओ लाइट आहे, त्यावर १४.८ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवर लिहिलंय. आणि परतीचं काय? सामान ओलं असणार.

---

मीठगर

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २१७०० चा सेल ३.६ गुणिले ५, म्हणजे १८. काहीच अडचण नाही. व्हिडिओ लाइटचं १४.८ गुणिले ६.८ म्हणजे १००.६४. विमानाची विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-अवर आहे, त्यामुळे हा ०.६४ ने बाहेर पडतो. १०० ते १६० च्या मधल्या बॅटरीला विमान कंपनीची आधी संमती लागते, सुट्या नेता येतात त्या जास्तीत जास्त दोन. तिकीट काढल्यावर लगेच ईमेल करा आणि उत्तर छापून जवळ ठेवा.

सगळ्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी, प्रत्येक वेगळ्या डबीत. टॉर्चमध्ये सेल ठेवून नेऊ नका. बटण दाबलं गेलं तर पाण्याबाहेर डाइव्ह टॉर्च काही मिनिटांत चटका बसेल इतका तापतो, कारण तो थंड ठेवायला भोवती पाणी नसतं. डाइव्हचा चाकू मात्र जमा सामानात.

---

प्रवाळ

परतीबद्दल विचारलंत हे बरं झालं. जाताना सगळे काटेकोर वजन करतात आणि परतीला तीच बॅग जड होते. ३ मिमीचा पूर्ण सूट साधारण एक किलो पाणी धरतो. बीसीडीच्या पिशवीत आणि पट्ट्यांत मिळून एक-दीड किलो. मोजे, पिशव्या, टॉवेल धरून तीन किलो सहज. तुमचे १४.२५ चे १७.२५ झाले. फेरीत २० च्या आत आहात, पण विमानात अडकाल. जादा ५ किलो घ्यायचंच असेल तर फक्त परतीच्या तिकिटावर आणि आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं.

त्याहून बरं म्हणजे वाळवायला वेळ ठेवणं. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान १८ तास थांबायचंच असतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर जाण्याआधी निघून जावा म्हणून. फेरी समुद्रसपाटीवरच चालते, तिला ही अट नाही. म्हणून शेवटची डाइव्ह सकाळी, त्याच दुपारी फेरीने पोर्ट ब्लेअर, रात्री तिथे मुक्काम आणि विमान दुसऱ्या दिवशी. हवामान बिघडून फेरी रद्द झाली तरी विमान चुकायची शक्यता कमी होते.

वाळवण्याचा क्रम: डाइव्ह सेंटरवरच गोड्या पाण्यात सगळं बुडवा. रेग्युलेटर बुडवताना डस्ट कॅप बसलेली हवी आणि पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून फर्स्ट स्टेजमध्ये चढतं. बीसीडीत लिटरभर गोडं पाणी घालून हलवा, हवा भरा, उलटा धरा आणि इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या) नळीतून पाणी काढा. दहा मिनिटं टांगून पुन्हा काढा, दुसऱ्यांदाही बरंच निघतं.

सूट उलटा करून कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही एकत्र गुंडाळा आणि गुंडाळीवर उभे राहा. एवढ्यानेच निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग कमरेत दुमडून पंख्याखाली, सावलीत. अंदमानच्या दमट हवेत नुसतं टांगून एका रात्रीत वाळत नाही, पंखा किंवा एसी हवाच. टॉवेल हॉटेलचा वापरणार असाल तर आधी विचारून घ्या.

---

सुकाणू

फेरीच्या परवानगीबद्दल एक. फोनवरचं "चालेल" जेट्टीवर कोणी मानत नाही. कंपनीला ईमेल करा, त्यात तिकीट क्रमांक, नग किती, प्रत्येकाचं वजन, सगळ्यात लांब नगाचं माप सेंटिमीटरमध्ये, आणि ठळकपणे हे वाक्य: "यात सिलिंडर, शिसं किंवा ज्वालाग्राही वस्तू नाही." "डायव्हिंग इक्विपमेंट" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर टाकीच येते आणि नकार येतो.

हलक्या कॅटामरानवर वजन किती आणि कुठे यावर वेग आणि बोटीचा तोल ठरतो, म्हणून मर्यादा असण्याला माझी हरकत नाही. कॅमेऱ्याच्या पेट्या किंवा क्रिकेटच्या किटसारखा या सामानाचाही एक ठरलेला नियम लेखी असावा, एवढंच मागणं आहे. ईमेलमध्ये तेही लिहा. चार ठिकाणांहून तीच मागणी गेली तर अटींत एक ओळ वाढायला हरकत नसावी.

चौघांचं वजन एकत्र धरायला सांगू नका, मर्यादा तिकिटागणिक असते. प्रत्येक बॅग १८ च्या आत ठेवा. हुकाचा डिजिटल काटा सोबत न्या, तुमच्या आणि जेट्टीच्या काट्यात अर्धा-एक किलोचा फरक पडू शकतो. सुटण्याच्या किमान एक तास आधी पोहोचा.

सरकारी बोट हा दुसरा मार्ग आहे. ती फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, जास्त वेळ घेते, सामान आपलं आपणच चढवून ठेवायचं. रेग्युलेटरवर स्वतःची नजर राहते, हा तिचा मोठा फायदा. पायऱ्या अरुंद असतात, म्हणून तिथेही पाठीवर घेता येईल अशी डफलच बरी.

---

सागरगोटा

ईमेलचा मसुदा लिहायला घेतो. डफल आणि ३ मिमी सूट चौघांचेही ठरले. फिन्सची लांबी ६१ सेंटिमीटर भरली, डफलची आतली कर्णरेषा ७८, म्हणजे बसतात.