१८०१ ची कोंडी: दोष पक्षांचा की दोन मतांच्या नियमाचा?

दप्तरदार (धागाकर्ता)

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांचा विषय निघाला की वॉशिंग्टनचा निरोपाचा लेख हमखास पुढे केला जातो. १९ सप्टेंबर १७९६ ला तो फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आला. भाषण म्हणून तो कधी दिलाच गेला नाही. त्यात पक्षबाजीविरुद्ध कडक इशारा आहे. त्यावरून सरसकट असं मांडलं जातं की घटनाकारांनी व्यवस्था नीट लावून दिली होती, पुढे पक्ष आले आणि त्यांनी ती नासवली, आणि १८०१ ची कोंडी (जेफरसन आणि बर यांना सारखीच मतं पडून अध्यक्षाची निवड अडकली ती) हा त्याचा पुरावा. मला हे मुळीच पटत नाही. कोंडी झाली ती नियमामुळे.

नियम काय होता ते आधी बघू. अध्यक्ष निवडायचे ते राज्याराज्यांतून नेमलेले निर्वाचक. प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं, दोन्ही अध्यक्षपदासाठीच. त्यातलं निदान एक आपल्या राज्याबाहेरच्या माणसाला द्यायचं. ज्याला सर्वांत जास्त आणि निर्वाचकांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक मतं, तो अध्यक्ष. त्याच्या खालचा उपाध्यक्ष. कुठलं मत कोणत्या पदासाठी, हे लिहायची सोयच नव्हती.

आता कुठल्याही गटाने दोन माणसं ठरवून मतं दिली की बरोबरी ठरलेली. ती टाळायची तर दुसऱ्याची काही मतं कापायला हवीत. पण निर्वाचक एकाच दिवशी आपापल्या राज्यात बसणार. कोणी कुठे किती कापली हे कळेपर्यंत मतं लखोट्यात बंद झालेली असायची.

१७९६ मध्ये हेच झालं. फेडरलिस्टांची (मजबूत केंद्र सरकारच्या बाजूचा गट) जोडी: अध्यक्षपदासाठी जॉन अ‍ॅडम्स, उपाध्यक्षपदासाठी थॉमस पिंकनी. दक्षिण कॅरोलिना हे पिंकनीचं स्वतःचं राज्य त्याला पुढे काढेल या धास्तीने न्यू इंग्लंडच्या १८ निर्वाचकांनी त्याला मतच दिलं नाही. निकाल: अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८, पिंकनी ५९. ती १८ मतं पडली असती तर पिंकनी ७७ वर जाऊन अध्यक्ष झाला असता, जे बहुतेक फेडरलिस्टांच्या मनात नव्हतं. कापली, तर विरोधी गटाचा जेफरसन उपाध्यक्ष होऊन बसला. दोन्हीकडून अडचणच.

१८०० मध्ये रिपब्लिकनांनी उलट चूक केली (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही, हा जेफरसन-मॅडिसनचा गट). १७९६ ला व्हर्जिनियाने जेफरसनच्या जोडीदाराला, आरन बरला, २१ पैकी एकच मत दिलं होतं, तो राग मनात होता. म्हणून या खेपेला शब्द पाळायचा ठरलं, आणि एखादं मत दुसरं कुठलं तरी राज्य कापेलच या भरवशावर सगळे राहिले. कोणीच कापलं नाही. जेफरसन ७३, बर ७३. फेडरलिस्ट मात्र धडा शिकले होते: अ‍ॅडम्स ६५, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी (थॉमस नव्हे, त्याचा भाऊ) ६४, कारण ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने दुसरं मत जॉन जेला दिलं. सगळी खबरदारी त्या एका मतात होती.

बरोबरीमुळे निवड काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली. ११ फेब्रुवारी १८०१ पासून तिथे मतदान. एका राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. जेफरसन ८, बर ६, व्हर्माँट आणि मेरीलँड आतून दुभंगलेली. ३५ फेऱ्या हाच आकडा. १७ तारखेला ३६ व्या फेरीत १० राज्यं जेफरसनकडे आली. पक्षांना दोष देणाऱ्यांनी सांगावं, या नियमाखाली पक्ष नसलेल्या चांगल्या माणसांनी तरी काय केलं असतं?

तटस्थ

साफ असहमत. नियम सदोष होता हे कबूल. पण नियमाने फक्त दार उघडं ठेवलं, आत शिरले ते पक्ष. जेफरसन अध्यक्ष आणि बर उपाध्यक्ष, हे देशात सगळ्यांना माहीत होतं. फेडरलिस्टांनाही. तरी सहा दिवस आणि ३५ फेऱ्या ते बरला धरून बसले. ४ मार्चला अ‍ॅडम्सची मुदत संपणार, पुढे कोण याचं उत्तर नाही, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर मिलिशिया (राज्याची नागरी सेना) तयार ठेवण्याच्या गोष्टी करतायत. हे कलमातल्या चुकीने होत नाही, हट्टाने होतं.

आणि १८०१ पर्यंत थांबायचं कशाला? १४ जुलै १७९८ चा राजद्रोह कायदा घ्या. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटा, बदनामीकारक मजकूर छापला तर २,००० डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत कैद. संरक्षणाच्या यादीत उपाध्यक्ष नाही, कारण उपाध्यक्ष जेफरसन होता. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीचा अखेरचा दिवस. पुढे विरोधक सत्तेवर आले तर हे हत्यार त्यांच्या हाती पडू नये, एवढी काळजी मसुद्यातच घेतलेली. प्रतिनिधिगृहात तो ४४ विरुद्ध ४१ ने मंजूर झाला. यात दोन मतांच्या नियमाचा काय संबंध?

निर्वाचक निवडायची पद्धत राज्यांनी ठरवायची, त्याचाही दोन्ही बाजूंनी खेळ केला. व्हर्जिनियाने १८०० साठी जिल्हावार निवड सोडून संपूर्ण राज्याची एकच यादी आणली, म्हणजे सगळी २१ मतं जेफरसनला. मॅसॅच्युसेट्सने लोकांकडून निवड काढून विधिमंडळाकडे नेली, म्हणजे सगळी १६ अ‍ॅडम्सला. त्या वर्षी १६ पैकी फक्त ५ राज्यांत लोकांनी थेट निर्वाचक निवडले.

हिशेबनीस

तुम्ही दोघंही ७३ आणि ६५ हे आकडे जणू जनतेचा कौल असल्यासारखे धरताय. ते आले कुठून ते बघा.

१७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०. त्यातले २,९२,६२७ गुलाम. म्हणजे मुक्त ४,५४,९८३. घटनेप्रमाणे गुलामांचे तीन-पंचमांश मिळवायचे: १,७५,५७६. बेरीज ६,३०,५५९. दर ३३,००० ला एक प्रतिनिधी, म्हणजे १९. त्यात सिनेटचे २, एकूण २१ निर्वाचक.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मुक्त लोक जवळपास तितकेच, सुमारे ४,३०,००० च्या घरात. गुलाम चार हजारही नाहीत. तिथे प्रतिनिधी १३, निर्वाचक १५.

व्हर्जिनियाची फक्त मुक्त माणसं मोजली तर ४,५४,९८३ भागिले ३३,००० म्हणजे १३. सहा मतं एका राज्यातच गळतात. जेफरसन आणि अ‍ॅडम्समधलं अंतर आठ मतांचं. बाकीच्या दक्षिणी राज्यांचा हिशेब जोडला तर निकाल फिरतो. ज्यांना स्वतःला मत नव्हतं, कोर्टात साक्ष देण्याचाही धड हक्क नव्हता, त्यांच्या डोक्यांवर मोजलेल्या मतांनी हा निकाल लागला. पक्ष चांगले की वाईट या वादात हे वाक्य आधी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तटस्थ

हिशेबनीस, पूर्ण सहमत. मोजणीतली आणखी एक गोष्ट: जॉर्जियाच्या ४ मतांचा कागद नमुन्याबरहुकूम नव्हता. मोजणी उपाध्यक्षाने करायची, म्हणजे जेफरसननेच. त्याने ती मतं धरली. बाद केली असती तर जेफरसन आणि बर दोघं ६९ वर येतात, १३८ निर्वाचकांचं बहुमत ७०. मग बहुमत कोणालाच नाही म्हणून गृहापुढे दोन नव्हे, पाच नावं गेली असती, अ‍ॅडम्ससकट.

रोखेबाजार

मुळाकडे कोणी जातच नाही. पक्ष निवडणुकीतून जन्मले नाहीत, कर्जातून जन्मले.

१७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने दोन प्रस्ताव मांडले. क्रांतियुद्धाच्या काळातले जुने रोखे पूर्ण दर्शनी किमतीला मान्य करायचे, आणि राज्यांची युद्धकर्जं केंद्राने डोक्यावर घ्यायची. पहिल्यात अडचण अशी की सैनिकांना पगाराऐवजी मिळालेले कागद त्यांनी गरजेपोटी डॉलरला काही सेंट अशा भावात कधीच विकून टाकले होते. फायदा शेवटी कागद धरून बसलेल्या सट्टेवाल्यांचा. मूळ धारकालाही काही हिस्सा द्यावा असं मॅडिसनने सुचवलं, ते ३६ विरुद्ध १३ ने पडलं. राज्यकर्जांचा प्रस्ताव एप्रिलमध्ये ३१ विरुद्ध २९ ने फेटाळला गेला आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची तडजोड झाल्यावर जुलैत ३४ विरुद्ध २८ ने पास झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँक: भांडवल १ कोटी डॉलर, पाचवा हिस्सा सरकारचा, सनद २० वर्षांची. ३९ विरुद्ध २०, आणि विरोधातली जवळपास सगळी मतं दक्षिणेची. पक्षाची रेघ तिथेच उमटली, वॉशिंग्टनच्या पहिल्या कारकिर्दीत.

तिचं रूप बघायचं असेल तर फिलिप फ्रेनोची नोकरी बघा. परराष्ट्र खात्यात अनुवादक कारकून, पगार वर्षाला २५० डॉलर, वरिष्ठ जेफरसन. ऑक्टोबर १७९१ पासून याच कारकुनाने फिलाडेल्फियात ‘नॅशनल गॅझेट’ काढलं आणि त्यात हॅमिल्टनच्या धोरणांवर आसूड ओढायला सुरुवात केली. दुसरीकडे जॉन फेनोच्या ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला सरकारी छपाईचं काम. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, दोघांच्या पाठीशी एकेक वर्तमानपत्र. वॉशिंग्टन दोघांना समजावणीची पत्रं लिहीत राहिला, उपयोग झाला नाही.

दप्तरदार, हे सगळं दोन मतांच्या नियमाशिवाय घडलं. तुमचा धागा अर्धाच खरा आहे.

दप्तरदार

रोखेबाजार, मुद्दा मान्य. पक्ष नियमामुळे जन्मले असं मी म्हणत नाही. त्यांना सामावून घ्यायला नियमात जागा नव्हती, एवढंच म्हणतो. कर्ज कोणी फेडायचं, इंग्लंडशी जॉन जेने केलेला तह पाळायचा की नाही, हे प्रश्न खरे होते आणि दोन प्रामाणिक उत्तरं शक्य होती. तहाच्या अंमलबजावणीचा पैसा ३० एप्रिल १७९६ ला ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर झाला. इतक्या अटीतटीच्या प्रश्नावर लोक जोडले जाणारच.

तटस्थ, राजद्रोह कायदा निंद्यच. पण त्याला टक्कर कोणी दिली? व्हर्माँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन त्याच कायद्याखाली ४ महिने तुरुंगात गेला, १,००० डॉलर दंड झाला, आणि कैदेत असतानाच पुन्हा निवडून आला. ३६ व्या फेरीत व्हर्माँटचा फेडरलिस्ट सदस्य लुइस मॉरिस गैरहजर राहिला आणि राज्याचं मत एकट्या लायनने जेफरसनला टाकलं. संघटित विरोधी पक्ष नसता तर लायन एकटाच पडला असता.

फिरता वाचक

पण यांना पक्ष म्हणावं का? सभासद नाहीत, वर्गणी नाही, अधिवेशन नाही. काँग्रेसमधले खासदार एका खोलीत बसून उमेदवार ठरवायचे. १८२० मध्ये मन्रोला विरोधच उरला नाही, एक मत सोडून सगळी त्याला. खरा पक्ष न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरनने अध्यक्षपदाचा उमेदवार जॅक्सनसाठी उभा केला. १८२४ ला सुमारे साडेतीन लाख लोकांनी मत दिलं, १८२८ ला साडेअकरा लाखांच्या आसपास.

रोखेबाजार

सभासद नव्हते, पण काम होतं. १७९६ ला पेनसिल्व्हेनियात मतदाराला १५ निर्वाचकांची नावं हाताने लिहिलेली चिठ्ठी द्यावी लागे. रिपब्लिकनांचा संघटक जॉन बेकली याने हजारो चिठ्ठ्या लिहून घेऊन राज्यभर वाटल्या. १८०० च्या वसंतात न्यूयॉर्क शहरात बरने विधानसभेच्या सगळ्या १३ जागा जिंकल्या, कारण यादीत माजी गव्हर्नर क्लिंटन आणि जनरल गेट्ससारखी नावं त्याने आणली. राज्याचे १२ निर्वाचक विधिमंडळ निवडणार होतं. याला पक्षाचं काम नाही तर काय म्हणायचं?

तटस्थ

न्यूयॉर्क काढलंच आहे तर पुढचंही सांगा. फेडरलिस्ट तिथे हरल्यावर ७ मे १८०० ला त्यांच्या हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जेला लिहिलं, की जुन्या विधिमंडळाची मुदत संपायच्या आत अधिवेशन बोलवा आणि निवडीची पद्धत बदलून टाका. जॉन जे स्वतः फेडरलिस्ट. त्याने पत्राच्या पाठीवर नोंद केली की हा पक्षाच्या सोयीचा प्रस्ताव आहे आणि तो स्वीकारणं मला शोभणार नाही. उत्तरही पाठवलं नाही. नियम तोच, पक्ष तोच, फरक माणसात.

आणि कोंडी फुटली ती कशाने? डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी जेम्स बेयार्ड. त्याचं एक मत व्हर्जिनियाच्या १९ सदस्यांच्या तोडीचं. शेवटी डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलिना कोऱ्या राहिल्या (कोणालाच मत दिलं नाही), मेरीलँडचे फेडरलिस्टही कोरे राहिले. कर्जाची परतफेड, आरमार आणि काही अधिकाऱ्यांच्या जागा यांबद्दल आपल्याला हमी मिळाली होती, असं बेयार्डने नंतर शपथेवर सांगितलं. जेफरसनने ते नाकारलं. पण विल्मिंग्टन बंदराचा जकात अधिकारी अ‍ॅलन मॅकलेन, ज्याचं नाव त्या बोलण्यात होतं, तो त्याच खुर्चीवर राहिला.

दप्तरदार

जेच्या नोंदीबाबत निरुत्तर आहे. पण जॉन जे हा अपवाद होता, आणि व्यवस्था अपवादावर चालत नाही. म्हणूनच बारावी दुरुस्ती करावी लागली: डिसेंबर १८०३ ला सिनेटमध्ये २२ विरुद्ध १०, प्रतिनिधिगृहात ८४ विरुद्ध ४२, म्हणजे नेमके दोन-तृतीयांश, एकही मत वर नाही. जून १८०४ ला लागू. दोन मतं वेगळी झाली आणि ७३-७३ पुन्हा कधी आलं नाही. पक्ष हा शब्द दुरुस्तीत नाही, पण दुरुस्ती त्यांच्यासाठीच आहे. (आपल्या घटनेतही पक्षांना जागा मिळाली ती १९८५ च्या पक्षांतरबंदीने.)

हिशेबनीस

दुरुस्तीने आणखी एक बदल केला. बहुमत नसेल तर गृहापुढे पाचऐवजी तीनच नावं. १८२४ ला जॅक्सन ९९, अ‍ॅडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी ८४, क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. चौथा आल्यामुळे क्ले बाहेर, आणि क्ले त्याच गृहाचा सभापती होता. जुना नियम असता तर तो स्वतः उमेदवार म्हणून गृहापुढे असता. त्याने पाठिंबा क्विन्सी अ‍ॅडम्सला दिला. ९ फेब्रुवारी १८२५ ला पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्यं त्याच्याकडे. एका राज्याला एक मत हा भाग दुरुस्तीने तसाच ठेवला होता, त्यामुळे इलिनॉयचा एक प्रतिनिधी आणि न्यूयॉर्कचे ३४ पुन्हा सारखेच मोजले गेले.