मदत हवी आहे: 'हार्ट ऑफ आइस'च्या काळोखात पट्टे दिसतायत

'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'मधला मिस्टर फ्रीझचा भाग (१९९२) स्वतःच्या एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवरून हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने एमकेव्ही फाइल करतोय.

हालचालीत दिसणाऱ्या आडव्या रेघांचा प्रश्न सुटला आहे. दर पाच फ्रेममागे तीन स्वच्छ आणि दोन कंगव्यासारख्या दातेरी, म्हणजे सरळ टेलिसीन (सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म टीव्हीच्या ३० फ्रेममध्ये बसवणं). त्यामुळे डीइंटरलेस (दातेरी रेघा नुसत्या पुसणारा फिल्टर) नको, त्याने जादा फ्रेम तशीच राहते आणि हालचाल अडखळते. डीटेलिसीन (जादा फ्रेम काढून मूळ फ्रेम परत जुळवणारा फिल्टर) चालू, सेकंदाला २३.९७६ फ्रेम स्थिर, चित्र ४:३. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते काळोखात. या मालिकेची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली, त्यामुळे गडद छटांमधले फरक फारच बारीक. बर्फाच्या गोळ्यातली नर्तकी दिसते तिथे मागच्या अंधाराचे ठळक पट्टे होतात. एक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर), ८ बिट, सीआरएफ १८ (दर्जाचा आकडा; जितका कमी तितका दर्जा जास्त), कार्टूनसाठीची तयार सेटिंग ट्यून अ‍ॅनिमेशन. माझा संशय ट्यूनवरच आहे: तो एक्यू-स्ट्रेंग्थ (चित्राच्या भागांत बिट वाटण्याचा जोर) १ वरून ०.६ वर आणतो, म्हणजे सपाट भागांना बिट कमी. सीआरएफ १६ केल्यावर फाइल फुगली, पट्टे जेमतेम कमी झाले.

आता विचारायचं असं:
ट्यून काढून एक्यू-मोड ३ (काळोख्या भागांना जास्त बिट देणारा) लावला तर पुरेल, की एक्स२६५ हा नवा एन्कोडर १० बिटमध्येच (छटांच्या जास्त पायऱ्या) घ्यावा? (१० बिट एक्स२६४ टीव्ही उघडत नाही.) डीबँड (पट्टे मिटवणारा) फिल्टर आधी लावल्यास शाईच्या रेषा मऊ पडतात का? डीनॉइज (चित्रातला बारीक दाणा पुसणारा फिल्टर) मी बंदच ठेवलाय, कारण दाणा गेला की पट्टे आणखी उघडे पडतात.

कुणी या डीव्हीडी संचावर चालवलेली सेटिंग्ज असतील तर आकड्यांसकट द्या. 'एआय अपस्केल कर' हे उत्तर नको.