मदत हवी आहे: लिलावातला फ्लॅट घ्यायला लाखाचा मेंटॉरशिप कोर्स करावा का?

पुण्यात नोकरी करतो. सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जाची तारण मालमत्ता विकून वसुली करण्याचा कायदा) बँकेने लिलावात काढलेला वन बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे. शेतजमीन नको, सातबाऱ्यावर नाव नाही.

एका मेंटॉरच्या मोफत वेबिनारला बसलो. कोर्सचे 85 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या वर. 'सवलत आजच संपतेय' असे फोन रोज येतात. त्यांनी स्वतः घेतलेल्या मालमत्तांचे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचे उतारे) मागितले, तर 'बॅच सुरू झाल्यावर दाखवू' म्हणाले. हे मला फार खटकलं.

महारेराची साइट, ई-सर्च (नोंदणी झालेले दस्त ऑनलाइन शोधणं), लिलावाच्या नोटिसा वाचणं हे घरबसल्या शिकलोय. गाडी अडते ती बँकेचा ताबा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री, असला आणि आत भाडेकरू असला तर काय, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, इथे. बोली लागली की 25 टक्के लगेच आणि उरलेले साधारण 15 दिवसांत भरायचे, त्यामुळे चुकायला वाव नाही.

शोध अहवालासाठी (मालकी आणि बोजा तपासायला) वकील मी तसाही लावणारच आहे. मग ज्यांनी पैसे भरून असा कोर्स केलाय आणि नंतर खरोखर लिलावात घर घेतलंय, त्यांना वकिलाकडून मिळालं नसतं असं नेमकं काय कोर्समधून मिळालं?