पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हाचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ, सांगली
भाचा जुना लॅपटॉप घेऊन आलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून म्हणतो, "आत्या, लिनक्स टाकूया." विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम ती. पेन ड्राइव्ह शोधायला कपाट उघडलं आणि उबुंटू ८.०४ ची (लिनक्सचाच एक प्रकार) सीडी निघाली, पुठ्ठ्याच्या पाकिटातली. तेव्हा नाव-पत्ता भरला की ती फुकट घरी यायची. २०११ ला ती सोय बंद झाली.

२००८ साल, मी बारावी झालेली. बाबांचा पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबी डिस्क. सीडी घातली, नारिंगी पट्टी इकडून तिकडं फिरत राहिली आणि पडदा काळा. परत केलं, परत काळा. घरी नेट नाही. वहीत एरर उतरवायची, सायकल काढायची, कॉलेज कॉर्नरच्या कॅफेत शोधायचं, उत्तर लिहून घरी. तिसऱ्या खेपेला कळलं की त्या सीडीला ३८४ एमबी रॅम लागते. कमी रॅमवाल्यांसाठी 'अल्टरनेट' नावाची वेगळी सीडी असायची, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून इन्स्टॉल करणारी. कॅफेवाल्या काकांनी ती रात्रभर उतरवली आणि अगदी सावकाश बर्न करून दिली. "घाई केली की सीडी नासते गं," म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

इन्स्टॉल अर्ध्यात आलं आणि लाईट गेली. मी रडायलाच लागले. बाबा म्हणाले, "लाईट पहाटे येईल, तेव्हा परत करू. मी उठवतो." खरंच साडेचारला उठवलं, चहा करून शेजारी बसले. तपकिरी पडदा आला तसं पहिलं विचारलं, "यात मराठी लिहिता येतं का?" येत होतं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा कीबोर्ड, चालू करून दिला. एका बोटानं अक्षर शोधत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. जोडाक्षराशी अडले, हलन्ताची कळ दाखवली तेव्हा केवढे खूश झाले.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तुमचं लिहा.

अडतदुकान
ताई, डोळ्यांत पाणी आणलंत.
आमच्याकडं उलटं झालं. काकांना लिनक्स नको, म्हणून मी त्याच मशीनवरच्या विंडोज एक्सपीत जाऊन लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) उडवलं. मशीन चालू केलं तर ग्रब एरर २२. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्रॅम. म्हणजे ग्रब जे पार्टिशन शोधतोय ते जाग्यावरच नाही. आणि हळदीचा सगळा हिशोब त्याच डिस्कवर, सौदे चालू. एक्सपीची सीडी घालून रिकव्हरी कन्सोलमध्ये (दुरुस्तीच्या पडद्यावर) फिक्सएमबीआर ही आज्ञा दिली, ग्रब जाऊन विंडोजचं सुरू होणं परत आलं, सगळं जसंच्या तसं. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. आधी बॅकअप घ्या रे पोरांनो.

मिरजवाली
+१ बॅकअप. कुकर लावलाय, नंतर लिहिते

पोवईनाका
साताऱ्यातून. माझं सगळं नीट झालं पण अपडेट होईना. 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणे. ब्राउझरपण प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं सांगायचा. दोन दिवस सर्व्हर बदलत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यात तारीख बघा." २००२! मदरबोर्डवरचा सेल संपलेला, सीआर २०३२. राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्याकडून आणला, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख लावली, झालं.

वाईकर
@पोवईनाका वहिनींना नमस्कार सांगा 🙏 जुन्या मशीनला हे पहिलं बघावं. दुसरं म्हणजे रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसायची. माझं मशीन नुसतं बीप बीप करायचं, तेवढ्यानं चालू झालं.

आयर्विनपूल
आमचा पीसी २०१९ च्या पुरात गेला. माळ्यावर ठेवला होता तरी पाणी तिथवर आलं. आईचे फोटो होते त्यात.

कृष्णाकाठ
@आयर्विनपूल अरेरे. डिस्क ठेवलीय का? चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याला आधी दाखवा.

आयर्विनपूल
ठेवलीय. प्लास्टिकच्या पिशवीत. टाकवत नाही.

मिरजवाली
आले. माझा घोळ वायफायचा. ब्रॉडकॉमचं कार्ड, त्याचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नेटवरून घ्यायचं आणि नेट तर त्याच कार्डावर! भावानं फोन वायरनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच नेट आलं. नवीन माणसाला हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते.

अडतदुकान
लोडशेडिंगवरून आठवलं, तेव्हा आमचा अभ्यास अंगणात बसून व्हायचा. आता पोरांना खरं वाटत नाही

वाईकर
@कृष्णाकाठ भाच्याचा प्रोसेसर कोणता? कोअर टू ड्युओ असेल तर ६४ बिट, मिंट एक्सएफसीई (लिनक्सचा हलका प्रकार) चालेल. नुसता कोअर ड्युओ असेल तर ३२ बिट, त्याला अँटीएक्स हा लिनक्स प्रकार बघा. नावं सारखी दिसतात, नीट वाचा.

कृष्णाकाठ
कोअर टू ड्युओ, ४ जीबी. मिंटच टाकलं, आत्ताच झालं. पोरगं शेजारी बसलंय, घाबरून विचारतंय की टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, कीबोर्ड गेला का

पोवईनाका
नाही उमटत, तसंच असतं. पूर्ण टाक आणि एंटर दाब म्हणावं

कृष्णाकाठ
झालं! चहा ठेवते.